अडलेल्या दाराला रंधा

जिथे वर्षातले निम्मे महिने अंगणाची माती दिसत नाही अशा उंच डोंगरात एक गाव होतं, आणि त्या गावात एक सुतार राहत होता. तो मूळचा तिथला नव्हता. खालच्या खोऱ्यातून लग्न करून वर आलेला, म्हणजे घरजावई. आता घरजावयाला कुठल्याच गावात फार उंच पाट मिळत नाही. या गावात तर त्याला नावानं कुणी हाकही मारत नसे. ‘तो खालचा’ म्हणत. निम्म्या गावाच्या खिडक्या त्यानं केल्या, देवळाचं दार केलं, लेकरांचे पाळणे केले, तरी तो आपला खालचाच.

घर सासूचं होतं. सासूची जीभ अशी, की सुताराच्या पेटीतली सगळी हत्यारं तिच्यापुढे बोथट वाटावीत. सुतारानं जेवताना भात मागितला तर ती लेकीला म्हणायची, “वाढ गं, खालच्या गावात पोटभर भात नसेल मिळत.” लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण तिनं त्याला एकदाही जावई म्हटलं नव्हतं. “अहो सुतार,” एवढीच हाक. सुतार हसून सोडून द्यायचा. पण ते आत कुठेतरी लागायचं, आणि लागलेलं तो कुणाला दाखवत नसे. बायकोलाही नाही.

गावाची एक जुनी रीत होती. कडाक्याचा हिवाळा अर्धा सरला, सूर्य पुन्हा वर चढू लागला, की सगळं गाव एका घरात जेवायला बसे. त्याला म्हणत सूर्यपंगत. आणि ही पंगत कुणाच्या घरी? तर ज्याच्या छपरावर बर्फाचा थर सगळ्यांत उंच असेल त्याच्या घरी. त्या दिवशी सकाळी गावचा मुखिया खुणा केलेली काठी घेऊन निघे, एकेका घराला शिडी लावून काठी बर्फात खुपसे आणि माप घेई. ज्याचं माप मोठं त्याला वर्षभराचा मान. लग्नात त्याचं पान आधी, सभेत त्याचा शब्द आधी.

जुन्या माणसांनी ही रीत का घातली, कुणास ठाऊक. चांगल्या बांधणीच्या घराचं कौतुक व्हावं, एवढंच त्यांच्या मनात असेल. पण पुढे पुढे झालं असं, की बर्फ पडायला लागला की फावडी कोपऱ्यात जायची. अंगणातला बर्फ काढायचा, छपरावरच्याला हात लावायचा नाही. छपरावरचा बर्फ काढणं म्हणजे आपलं घर कच्चं आहे अशी स्वतःच दवंडी पिटणं. शेजारी काढत नाही म्हणून हा काढत नसे, आणि हा काढत नाही म्हणून शेजारी. शहाणी माणसंही अशी एकमेकांकडे बघून खुळी होतात.

सासूच्या घरी सूर्यपंगत कधीच बसली नव्हती. घर लहान, मधोमध एक जाडजूड खांब, चार माणसं बसली की पाचव्याची पंचाईत. गाव बसेल एवढी जागा नाही म्हणून ते घर कुणी मापात धरतच नसे. सासऱ्यानं आयुष्यभर वाट पाहिली आणि तसाच गेला. सासू हे फार बोलत नसे, पण पंगतीच्या दिवशी दुसऱ्याच्या घरी जेवून आली की भिंतीकडे तोंड करून निजे.

तर त्या वर्षी उन्हाळ्यात सुतारानं ठरवलं, यंदा पंगत आपल्याच घरी. त्यानं जंगलातून एक लांब, जाड तुळई आणली, भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकली आणि मधला खांब कापून काढला. खोली केवढी तरी मोठी झाली. खांब निघाला तेव्हा वरून एक बारीक आवाज आला, लाकूड कण्हल्यासारखा.

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, “अहो, बाबांनी तो खांब उगाच नव्हता घातला.”

“तुझे बाबा सुतार नव्हते,” तो म्हणाला.

तिनं खांबाचा तुकडा उचलून चुलीशेजारी ठेवला आणि कामाला लागली.

त्या वर्षी बर्फही असा पडला, की म्हाताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. रोज सकाळी गाव उठे तो छपरं आणखी उंच झालेली असत. बर्फ कोरडा, पिठासारखा भुरभुरीत. सुतार रोज अंगणात उभा राहून आपल्या छपराकडे बघायचा, मग हळूच मुखियाच्या छपराकडे. आपलं उंच दिसलं की त्याला दोन घास जास्त जायचे.

सासूही बघत होतीच. एका सकाळी ती काठी टेकत अंगणात आली, वर नजर टाकून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “जावईबापू, यंदा आपलाच नंबर दिसतो.”

जावईबापू! सुताराच्या हातातलं फावडं तिथंच थांबलं. इतकी वर्षं ज्या एका शब्दासाठी कान आसुसले होते, तो असा सहज अंगणात येऊन पडला होता. त्यानं नुसती मान हलवली. पण त्या दिवशी तो काम करताना गुणगुणत होता, आणि बायकोच्या ते ध्यानात आलं.

त्याच आठवड्यात घराचं दार अडायला लागलं.

आधी नुसतं घासायचं. मग खांद्यानं ढकलावं लागे. सुतारानं रंधा काढला, दाराच्या वरच्या कडेवर फिरवला, ढलप्या गोळा करून चुलीत टाकल्या. दार नीट लागू लागलं. दोन-चार दिवसांनी पुन्हा अडलं. पुन्हा रंधा.

“लाकूड फुगतं थंडीत,” तो म्हणाला.

बायको चुलीपाशी बसून बघत होती. “फुगलं असतं तर सगळीकडून फुगलं असतं,” ती म्हणाली. “तुम्ही एकाच कोपऱ्याला का तासताय?”

सुतारानं न ऐकल्यासारखं केलं. खरं म्हणजे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. दार होतं तसंच होतं. चौकट वाकत होती. चौकटीवर भिंत, भिंतीवर तुळई, तुळईवर वासे, आणि वाशांवर तो सगळा पांढरा मान. वरचं ओझं झेपेनासं झालं की घर आधी दाराशी कुरकुरतं, हे तर सुतारकीतलं पहिल्या वर्षाचं शिक्षण. त्याला कळत होतं. पण कळलेलं मान्य केलं असतं तर शिडी लावून बर्फ काढावा लागला असता, आणि मग सासू पुन्हा म्हणाली असती, “अहो सुतार.”

म्हणून तो रंधा मारत राहिला.

आणि गंमत बघा, गमतीची गोष्ट नव्हती ती, पण बघा. त्याला एकेका घरातून बोलावणं येऊ लागलं. मुखियाच्या सुनेनं मागच्या दारानं निरोप पाठवला, “खोलीचं दार अडतंय, जरा बघून जा, आणि बाहेर बोलू नका.” मग लोहाराकडून. मग देवळाच्या पुजाऱ्याकडून. सगळ्यांचं दार अडत होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपलं एकट्याचंच. सुतार जायचा, रंधा मारायचा, यायचा. कुणी विचारत नव्हतं, तो सांगत नव्हता. सगळं गाव मूग गिळून बसलं होतं.

विचारलं ते फक्त एकानं. गावाच्या टोकाला एक मेंढपाळ राहत होता. साधा, हसरा माणूस. मेंढ्यांशी बोलायची त्याला सवय, त्यामुळे माणसांशीही तो तसाच बोलायचा, मोठ्यानं आणि मायेनं. घरात तो आणि त्याची बायको, दोघंच. त्याच्याही घराचं दार अडलं, आणि त्यानं भर रस्त्यात सुताराला हाक मारली.

“ओ सुतारदादा! आमचं दार रुसलंय. समजूत काढायला या.”

सुतार गेला. मेंढपाळाच्या बायकोनं मीठ घातलेला गरम चहा पुढे केला. तिचं घर स्वच्छ, नीटस होतं, कोपऱ्यात लोकरीचे गठ्ठे रचलेले. सुतारानं दार पाहिलं. वरचा कोपरा चौकटीत रुतला होता. मग त्याची नजर आपोआप वर गेली. तुळई देवदाराची, चांगली, निरोगी. पण मधोमध खाली झुकलेली, आणि एका बाजूनं केसासारखी बारीक चीर पडलेली.

मेंढपाळ त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. “दादा, एक विचारू? मला बांधकामातलं काही कळत नाही. मान-बिन मला नको, आमच्या घरात मेंढ्याच जास्त, पंगत कुठं बसवणार? सगळे ठेवतात म्हणून मीही बर्फ ठेवला. पण रात्री वरून आवाज येतो. हिला झोप लागत नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो. काढून टाकू का?”

किती सरळ प्रश्न होता. ‘काढ, आत्ता काढ,’ एवढंच म्हणायचं होतं.

सुतारानं चहाची वाटी खाली ठेवली. त्याच्या डोक्यात भराभर विचार आले. हा माणूस मनात काही ठेवणारा नाही. आज यानं बर्फ काढला तर संध्याकाळपर्यंत गावभर सांगेल, सुतारदादा म्हणाले म्हणून काढला. मग लोक विचारतील, मग सुताराच्या घराचं काय? तिथं तर खांबही नाही. पंगत चार दिवसांवर आली होती. सासूनं माळ्यावरून पितळी भांडी काढून घासायला घेतली होती.

“पेलेल,” सुतार म्हणाला. “थंडीनं दार फुगलंय, दुसरं काही नाही.”

“नक्की ना, दादा?”

“पेलेल म्हणतोय ना.”

मेंढपाळाचा चेहरा खुलला. तो बायकोकडे वळून म्हणाला, “ऐकलंस? आता निवांत झोप.” सुतारानं दाराला रंधा मारला. हात सराईत होता, दार अलगद लागलं. मेंढपाळानं त्याच्या पिशवीत बळेच एक लोकरीची गुंडाळी कोंबली. ती घेऊन सुतार घरी आला आणि त्यानं ती बायकोला न दाखवता पेटीच्या तळाशी टाकली.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. थंडी मोडली आणि भर हिवाळ्यात पाऊस लागला. संथ, बारीक, थांबायचं नाव न घेणारा. छपरावरचे थर दबले, खाली बसले. लोक अंगणात येऊन हळहळले, कारण सगळ्यांचीच मापं उतरली होती. पण त्या हळहळीत थोडा जीवही भांड्यात पडला होता. ‘चला, ओझं तरी कमी झालं,’ असं जो तो मनात म्हणत होता.

तिसऱ्या दिवशीही पाऊस चालूच होता. सुताराची बायको अंगणातला बर्फ काढत होती. तिनं फावडं खुपसलं, उचललं आणि तसंच खाली ठेवलं. पुन्हा प्रयत्न केला. मग ती नवऱ्याला म्हणाली, “इकडे या. हे उचलून बघा.”

सुतारानं फावडं उचललं. परवापर्यंत जे एका हातानं भिरकावून देता येत होतं, त्याला आता दोन्ही हात लागले.

“बर्फ खाली बसला खरा,” ती म्हणाली. “पण गेला कुठे? वरचं सगळं वरच आहे, आणि वर पाऊस पितोय तो निराळाच.” तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तिचा आवाज खाली आला. “अहो, मला भीती वाटते. आईला मी समजावते. काढा तो बर्फ.”

“उद्या,” सुतार म्हणाला. “मापाची वेळ एकदा होऊन जाऊ दे. माप झालं की लगेच काढतो.”

पंगत दुसऱ्या दिवशी होती. एक दिवसाचा तर प्रश्न, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

त्याच दुपारी गावाच्या टोकाकडून एक आवाज आला. फार मोठा नव्हता. आधी काहीतरी मोडल्याचा, आणि पाठोपाठ खोल, दबलेला, जमीन हादरल्यासारखा. माणसं धावली. मेंढपाळाचं घर होतं तिथं ओल्या बर्फाचा आणि लाकडांचा ढीग झाला होता. बायको झऱ्यावर पाण्याला गेली होती, म्हणून वाचली. ती हंडा टाकून हातांनी बर्फ उपसत होती आणि नवऱ्याला हाका मारत होती. मेंढ्यांना गोठ्यात चारा घालून, दमून, तो दुपारचा जरा आडवा झाला होता.

सगळ्या गावानं मिळून बर्फ उपसला. सुतार सगळ्यांच्या पुढे होता. त्याची बोटं फुटून रक्त आलं तरी तो थांबला नाही. मेंढपाळ सापडला तो अंथरुणातच होता. तुळई त्याच्या छातीवर पडली होती.

संध्याकाळी त्याला अग्नी दिला. रात्रभर सुतार आपल्या घरातल्या तुळईखाली डोळे उघडे ठेवून पडून होता. शेजारी बायको जागी होती.

सकाळी गाव मुखियाच्या अंगणात जमलं. पाऊस थांबला होता. मेंढपाळाची बायको एका कडेला घोंगडी पांघरून बसली होती. कुणीतरी आणलेला चहा तिच्यासमोर निवत होता. मुखियाच्या हातात मापाची काठी होती. पंगत करावी की न करावी, हे ठरायचं होतं.

“वाईट झालं,” मुखिया म्हणाला. “फार वाईट झालं. पण सूर्यपंगत कधी चुकली नाही. साधीच करू, गोड न करता करू.” मग तो सुताराकडे वळला. “तू गेला होतास ना त्याच्याकडे? घर जुनं होतं. लाकूड कुजलं असेल, नाही का?”

बाकीच्यांनी माना हलवल्या. “कुजलंच असणार.” “मेंढपाळाला कुठलं लाकूड पारखता येणार!” “आपली घरं तशी नाहीत.”

सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. सुतारानं नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. दोष मेलेल्या माणसाच्या घराला लागला असता, आणि मेलेला काही भांडायला येत नाही. माप होणार होतं. सुताराच्या छपराचा थर अजूनही सगळ्यांत उंच होता, हे उभ्या जागेवरून दिसत होतं. सासू पितळी भांडी मांडून घरी वाट बघत होती.

मेंढपाळाच्या बायकोनं मान वर केली आणि ती सुताराकडे बघू लागली.

“कुजलं नव्हतं,” सुतार म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. “देवदार होता. चांगला, ठणठणीत. मी डोळ्यांनी पाहिला होता. वर ओझं जास्त झालं म्हणून मोडला.”

मेंढपाळाची बायको उठली. ती रडत नव्हती. सुतारासमोर येऊन तिनं विचारलं, “दादा, तुम्ही दाराला रंधा मारला, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“तुळई वाकलेली दिसली होती?”

“दिसली होती. चीरही दिसली होती.”

“मग ‘पेलेल’ का म्हणालात?”

“तुम्ही बर्फ काढला असता तर मलाही काढावा लागला असता. आणि मला पंगत हवी होती.”

ती सावकाश म्हणाली, “मी त्यांना म्हटलं होतं, दुपारी आत झोपू नका, वरून आवाज येतोय. तर हसले. म्हणाले, सुतारदादा म्हणालेत पेलेल, म्हणजे पेलेल.” एवढं बोलून ती पुन्हा जागेवर जाऊन बसली आणि तिनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

यापेक्षा तिनं सुताराला मारलं असतं तर बरं झालं असतं.

“खालचा तो खालचाच!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोहार पुढे आला, त्याच्या मुठी वळल्या होत्या. “माणूस मारलास तू!”

“हो,” सुतार म्हणाला. “मला जी शिक्षा द्यायची ती द्या. पण त्याआधी घराघरातली लेकरं बाहेर काढा.” तो लोहाराकडे वळला. “तुझ्या मागच्या खोलीचं दार मीच तासलंय. पुजारीबाबा, तुमचंही. मुखियाजी, तुमच्या सुनेच्या खोलीचं तर दोनदा. एकाही दाराला थंडी लागलेली नाही. घरं वाकताहेत. आणि या पावसानं ओझं कमी झालेलं नाही, वाढलंय. माझ्यावर विश्वास नसेल तर फावडंभर बर्फ उचलून बघा.”

लोहारानं मुखियाकडे पाहिलं, मुखियानं पुजाऱ्याकडे. प्रत्येकाला आपलं झाकून ठेवलेलं दुसऱ्याच्या तोंडावर दिसत होतं. पाठीमागून एक बाई लेकराच्या नावानं हाका मारत घराकडे पळत सुटली, आणि मग सगळेच पळाले.

सुतार घरी आला. सासू चुलीपाशी बसून शेवटचं पातेलं पुसत होती.

“माप झालं का, जावईबापू?”

“नाही. बाहेर चला. हे छप्पर पेलणार नाही.”

सासूनं पातेलं खाली ठेवलं. “आज? आज सांगता हे? इतक्या वर्षांनी माझ्या घरी पंगत बसणार, आणि तुम्ही...” तिचा आवाज चिरकला. “मी नाही हलायची. मेले तर मेले.”

सुतार तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. “मी खोटं बोललो म्हणून काल एक माणूस मेला,” तो म्हणाला. “मला पुन्हा कधी जावई म्हणू नका. पण बाहेर चला.”

म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. तिनं हात पुढे केला. त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि बाहेर अंगणात आणून बसवलं.

मग त्यानं एक जाड ओंडका आत नेला आणि वाकलेल्या तुळईला मधोमध टेकू दिला. बाहेर शिडी लावली. छपरावर चढला नाही, आधीच दमलेल्या छपराला आपलं वजन कशाला. लांब दांड्याचं फावडं घेऊन तो कडेपासून बर्फ ओढू लागला, थोडा या बाजूचा, थोडा त्या बाजूचा. शेजारच्या घरावर चढू लागलेल्या पोरांना त्यानं ओरडून सांगितलं, “वर जाऊ नका! आणि एकाच बाजूचा काढू नका, घर कलंडेल!” बायको खाली पडलेला बर्फ बाजूला सारत होती. दुपारपर्यंत गावात फावड्यांखेरीज दुसरा आवाज नव्हता. लोहाराच्या मागच्या खोलीचं छप्पर तेवढं वाचलं नाही. ते बसलं, पण आत कुणी नव्हतं.

संध्याकाळी गावातली सगळी छपरं काळी, उघडी होती. अशी ती हिवाळ्यात कुणी पाहिलीच नव्हती. सूर्यपंगत झाली नाही. ज्यानं त्यानं आपापल्या चुलीवर भात शिजवला. सासूनं पितळी भांडी पुन्हा माळ्यावर चढवली.

गावानं सुताराला हाकललं नाही. खरं तर हाकलायला तोंड कुणाला होतं? पण त्याला कुणी माफही केलं नाही. त्यानं मागितलीही नव्हती. मुखियानं मापाची काठी मोडून चुलीत घातली आणि सांगून टाकलं, पुढच्या वर्षीपासून पंगत पाळीपाळीनं घराघरात, आणि जिथे पंगत असेल तिथलं छप्पर आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून झाडायचं.

बर्फ वितळला. सुतार गावाच्या टोकाला जाऊन मेंढपाळाच्या बायकोसाठी घर बांधू लागला. ती तेवढे दिवस बहिणीकडे राहत होती. रोज मेंढ्या घेऊन समोरून जायची, पण त्याच्याशी एक शब्द बोलत नसे. तोही बोलत नसे. त्यानं छपराला उतार जास्त ठेवला, वासे जवळ जवळ घातले, मधोमध दोन खांब रोवले. हिवाळ्याआधी घर उभं राहिलं.

राहायला यायच्या दिवशी ती दारात थांबली. आत पाऊल टाकलं नाही. वर बघत तिनं विचारलं, “दादा, किती पेलेल?”

सुतारानं घाईनं उत्तर दिलं नाही. तो आत गेला, तुळईवरून हात फिरवला, खांबांना खांदा लावून पाहिला आणि बाहेर आला.

“कोरडा, भुरभुरीत बर्फ असेल तर कमरेइतका पेलेल,” तो म्हणाला. “ओला असेल तर गुडघ्याइतकाही होऊ देऊ नका. वर पाऊस पडला तर कितीही कमी दिसला तरी काढा. वाऱ्यानं एका बाजूला ढीग लागला तर तो आधी काढा. दार अडलं, किंवा वरून आवाज आला, तर मला बोलवायला थांबू नका. आधी बाहेर पडा. आणि दर हिवाळ्याला मला हे पुन्हा विचारा. लाकूड जुनं होतं, तसं उत्तर बदलतं.”

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “एवढंच तेव्हा सांगायचं होतं, दादा.”

आणि ती आत गेली. सुतार अंगणात तसाच उभा राहिला.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर विसंबून दुसरा निवांत झोपतो, त्यानं आपला मान राखायला खोटा धीर देऊ नये, आणि दार अडलं तर रंधा हातात घेण्याआधी छपरावर किती ओझं आहे ते बघावं.